पितळेची चरबी

सूस, ८ फेब्रुवारी २००४

मामा, सलाम.

फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "जिंकले" म्हटलं ते तुम्हाला "जेवले" ऐकू गेलं आणि तुम्ही आईलाही तसंच सांगितलंत. तेव्हा पत्रच बरं.

आमच्या कुस्तीच्या केंद्रात एक नवीन यंत्र आलंय. दिसायला वजनकाट्यासारखंच, पण वर चार चकचकीत पट्ट्या आहेत. उंची आणि वय आधी बटणं दाबून सांगायचं, मग अनवाणी उभं राहायचं. पाच सेकंदांत ते वजन सांगतं आणि शिवाय अंगात चरबी किती टक्के तेही. सराव संपल्यावर मेहरेज सरांनी आम्हा सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं आणि आकडे फळ्यावर लिहिले. माझ्या नावापुढे एकोणतीस. सगळ्यांत जास्त. सिहेमचे चोवीस. कोणी हसलं नाही, पण मला सगळ्या हसल्यासारखंच वाटलं.

सर म्हणाले, "बासष्ट किलोंपैकी अठरा किलो नुसती चरबी घेऊन फिरतेस तू. सात उतरव, तरी अकरा उरतात. पंचावन्नच्या गटात आपल्याकडे कोणी नाही. जूनच्या निवडीत सरळ आत जाशील."

आणि त्रेसष्टच्या गटात सिहेम आहे. चार वर्षांत तिला कोणी हरवलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

मामा, मी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी अडीच तास कुस्ती खेळते. सिहेमला खांद्यावर घेऊन तीन मजले चढते. ही अठरा किलो चरबी कुठे आहे ते मी आरशात शोधलं, मला काही सापडली नाही. पण तुम्ही चौतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होतात. यंत्राला माणसाच्या आतलं दिसतं का? तुम्ही हो म्हणालात तर उतरवते.

आईला सांगा, तिनं विणलेले मोजे सिहेमनं पळवले आहेत.

तुमची
दोरसाफ


काफ, १७ फेब्रुवारी २००४

पोरी दोरसाफ, तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोज्यांचं ऐकून ती दुसरी जोडी विणायला बसली आहे.

तू मला विचारलंस याचा मला अभिमान वाटला. निवृत्त झालेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. कॉफीच्या दुकानात मी तुझं पत्र खिशातून दोनदा बाहेर काढलं.

आता उत्तर. बेजाच्या धान्यबाजारात एक व्यापारी होता, बूबकर नावाचा. आपला काटा बरोबर आहे म्हणून त्यानं मुलांच्या शपथा घेतल्या, डोळ्यांत पाणी आणलं. मी पेटीतलं पितळी वजन काढलं आणि त्याच्या पारड्यात ठेवलं. दोन किलोंमागे ऐंशी ग्रॅमची चोरी. शपथा तिथेच संपल्या. तेव्हापासून मी माणसाच्या शब्दापेक्षा धातूवर विश्वास ठेवत आलो आहे. यंत्राला कोणाची भीड नसते, कोणाशी वैर नसतं. आरशात आपण आपल्याला हवं ते बघतो.

तेव्हा सर सांगतात तसं कर. ताटातलं अर्धं बाजूला काढत जा. तुझी आई तेल आणि बसीसा पाठवणार होती. भाजल्या जवाचं पीठ, त्यात तेल आणि मध. मी थांबवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पंचावन्न किलोची का होईना, देशाच्या संघातली पोर आमच्या घरची असेल.

तुझा मामा
शाजली


सूस, ६ मार्च २००४

मामा, सलाम.

सगळं छान आहे. आता साडेअठ्ठावन्न. सर खूश आहेत. यंत्र मात्र अजून अठ्ठावीस दाखवतं. सर म्हणतात, तुझी चरबी हट्टी आहे, अजून जोर लाव. मी सकाळी एक अंडं आणि संध्याकाळी दही खाते, दुपारी सिहेमच्या गरम चण्यांच्या लबलाबीचा वास घेते. ती वाडगा माझ्यापासून लांब धरते आणि म्हणते, "वासानंसुद्धा वजन वाढतं, तिकडे बस."

अक्षर वाईट आलंय, त्याचं कारण थंडी. इथे समुद्रावरचा वारा बोटं आखडून टाकतो.

आईला सांगा, मी मजेत आहे.

दोरसाफ


काफ, १५ मार्च २००४

पोरी, साडेतीन किलो. शाबास. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाकी काय लिहिलंय?" मी म्हटलं, एवढंच. ती म्हणाली, "एवढंच कसं?" बायकांना पत्र लांब लागतं.

एक गोष्ट मात्र विचारतो. सवयीनं मी तुझे आकडे कागदावर मांडले. आधी बासष्ट किलो, त्यात अठरा किलो चरबी. म्हणजे बाकीची तू, हाडं, मांस, पाणी, सगळं मिळून चव्वेचाळीस. आता साडेअठ्ठावन्न, अठ्ठावीस टक्के म्हणजे चरबी साडेसोळाच्या आत-बाहेर. म्हणजे बाकीची तू बेचाळीस. साडेतीन किलो गेले त्यात चरबी निम्मीसुद्धा नाही, आणि दोन किलो तूच गेलीस. हे असं व्हायला हवं आहे का? माझा चष्मा नवीन आहे, हिशेब चुकला असेल. सरांना विचारून कळव.

इथे बदामाला फुलं आली आहेत. कॉफीच्या दुकानात आता लोक मला "कुस्तीवाल्या पोरीचा मामा" म्हणतात. मी तोंड वाकडं करतो, पण मला ते आवडतं.

तुझा मामा
शाजली


सूस, २ एप्रिल २००४

मामा, सलाम. आई, सलाम.

हवा सुधारली आहे. समुद्र निळा झालाय. सिहेमनं आईला सलाम सांगितलाय आणि मोजे फाटल्याचंही सांगितलंय. आमच्याकडे एक नवीन मुलगी आली आहे, अरबिया, काझरीनची, सतरा वर्षांची, अठ्ठेचाळीसच्या गटातली. ती झोपेत गाते. परवा आम्हा सगळ्यांना बंदरावर फिरायला नेलं होतं. आई, तू दिलेली शाल रोज वापरते. माझी अजिबात काळजी करू नकोस.

मामा, पुढचं पान आईला वाचून दाखवू नका.

*

मामा, तुमचा हिशेब चुकला नव्हता.

चोवीस मार्चला मी सरावात पडले. अरबियानं मला साधं ढकललं होतं. मॅटवर पडले ते कळलं, उठल्याचं आठवत नाही. वजन छप्पन्न पॉइंट आठ. त्या दिवशी सकाळी यंत्रानं माझी चरबी तीस टक्के दाखवली होती. छत्तीस तास पाणी न पिता, वाफेच्या खोलीत बसून, अंगातलं काय काय काढून झाल्यावर तीस. पहिल्या दिवशीपेक्षा जास्त.

डॉ. नाएला म्हणून आमच्या डॉक्टरीणबाई आहेत, आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी रक्त तपासलं. बायकांचं महिन्याचं असतं ते माझं दोनदा चुकलं आहे. हे मामाला लिहिताना लाज वाटते, पण बाई म्हणाल्या, घरच्या एका तरी माणसाला खरं सांग.

सर म्हणाले, "तीस टक्के चरबी असलेली मुलगी उपासमारीनं पडत नाही. मन कच्चं असलं की पडते." सगळ्यांसमोर म्हणाले.

तुम्ही लिहिलं होतंत, यंत्राला कोणाची भीड नसते. मी ते पान उशीखाली ठेवलं होतं. भूक लागली की वाचायचे. मग मामा, यंत्र खरं असेल तर मी खोटी आहे का? मला खरंच कळत नाही.

दोरसाफ


काफ, ७ एप्रिल २००४

दोरसाफ,

आधी जेव. हे पत्र खाली ठेव, जेव आणि मग पुढचं वाच.

माझी चूक झाली. चौतीस वर्षांत मी एकही काटा तपासल्याशिवाय खरा मानला नाही. पावाच्या दुकानातला नाही, सोनाराचा नाही, रेल्वेच्या गोदामातला नाही. आणि हा एक, जो मी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, तो मी लिहून खरा ठरवला. कारण त्यावर आकडे उमटतात, आणि मला कोणीतरी विचारलं याचा आनंद झाला होता. मी तुला बूबकरची गोष्ट सांगितली. पोरी, त्या गोष्टीत खोटा काटाच होता. सांगताना माझ्या ते लक्षात आलं नाही.

तू खोटी नाहीस. पण हे मी म्हणून उपयोग नाही आणि तू म्हणूनही नाही. ते दाखवावं लागेल. ते कसं दाखवतात एवढं मात्र मला येतं.

पहिल्यांदा त्या यंत्राचं माहितीपुस्तक मिळव आणि ते नक्की काय मोजतं ते शोध. जे दाखवतं ते आणि जे मोजतं ते, यांत फरक असू शकतो. मग तेच माणूस तशाच अवस्थेत दोनदा उभं कर आणि उत्तर तेच येतं का बघ. मग एकच गोष्ट बदल, बाकी काही हलवू नकोस. आणि शेवटी त्याला अशी वस्तू दे की जिच्याबद्दल तुला आधीपासून सगळं ठाऊक आहे. निरीक्षकाची सगळी विद्या या शेवटच्या वाक्यात आहे.

त्यासाठी लुआज टॅक्सीच्या ड्रायव्हरबरोबर माझं दोन किलोचं पितळी वजन पाठवतो आहे. मखमलीच्या पिशवीत आहे. बोटांनी हाताळू नकोस, घामाचे डाग पडतात. यात चरबी नाही, याची मी लेखी हमी देतो.

प्रत्येक आकडा तारीख-वेळ घालून लिही. शेजारी साक्षीदाराची सही घे. सरांवर आरोप करू नकोस, यंत्राला शिव्या देऊ नकोस. ते किती चुकतं तेवढं सांग. जास्त सांगितलंस की आपणही बूबकर होतो.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. बसीसाचा डबा त्याच ड्रायव्हरकडे आहे. यावेळी मी थांबवलं नाही, उलट मध मीच घातला.

मामा


सूस, ३ मे २००४

मामा, सलाम.

हे पत्र लांब आहे. बसून वाचा.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून जेवते आहे. डॉ. नाएलांनी सरांना लिहून दिलं की तीन आठवडे वजन उतरवणं बंद. सर आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हते. आता मी साठ किलो आहे.

माहितीपुस्तक बाईंनी कपाटातून काढलं. मामा, ते यंत्र चरबी मोजतच नाही. पायातून एक बारीकसा विजेचा प्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा होतो तेवढंच मोजतं. मांसात पाणी जास्त, तिथून वीज सहज जाते. चरबीतून कष्टानं जाते. त्या अडथळ्यावरून, उंचीवरून, वयावरून ते अंदाज बांधतं की अशा बाईच्या अंगात साधारण किती चरबी असावी. ज्या बायकांवरून हा अंदाज बसवला, त्यांत कुस्ती खेळणारी एक तरी होती का, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

मग आम्ही तपासायला बसलो. साक्षीदार सिहेम. मी तिला म्हटलं, "तुला यातून काही मिळणार नाही. मी पंचावन्नला गेले नाही तर तुझ्याच गटात येणार." ती म्हणाली, "ये ना. चार वर्षं त्याच त्याच मुलींना पाडून कंटाळा आलाय."

तेच माणूस दोनदा: मी उभी राहिले, चोवीस पॉइंट एक. उतरले, पुन्हा चढले, चोवीस पॉइंट तीन. इथे यंत्र प्रामाणिक निघालं, तसंच लिहिलं. एकच गोष्ट बदल: हे सिहेमनं स्वतःवर घेतलं, मला करू दिलं नाही. भरपूर पाणी पिऊन झोपलेल्या सकाळी ती तेवीस. घामाचा सूट घालून सराव, रात्री पाणी नाही, दुसऱ्या सकाळी सत्तावीस. एका दिवसात चार टक्के. तिच्या वजनाला अडीच किलो चरबी होते. ती म्हणाली, "एवढी चरबी कुठून आली? मी तर झोपले होते." मग अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायली.

आणि मग तुमचं पितळ.

हे सरांसमोर करायचं ठरलं होतं. डॉक्टरीणबाईही होत्या. मी आधी नुसती उभी राहिले. साठ किलो, त्यात चरबी साडेचौदा किलो. मग सिहेमनं मखमलीची पिशवी माझ्या हातात दिली. बासष्ट किलो. चरबी सोळा पॉइंट दोन.

सर म्हणाले, "मग? वजन वाढलं, चरबी वाढली. पितळ घेऊन कुस्ती कोण खेळतं?"

मी म्हटलं, "सर, दोन किलो पितळेपैकी पावणेदोन किलो यंत्रानं चरबीत धरलं."

"त्याला काय माहीत तुझ्या हातात काय आहे?"

"हेच, सर. त्याला माहीत नसतं. माहीत नसलं तरी ते आकडा देतं."

सर म्हणाले, "उतर." बूट काढले, मोजे काढले आणि स्वतः चढले. मग उतरून पिशवी घेतली आणि परत चढले. दोन्ही आकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते बाईंकडे वळून म्हणाले, "मग खरं कशानं कळतं?"

बाईंनी चिमट्यानं माझ्या दंडाची, कमरेची, मांडीची कातडी धरून मापं घेतली. म्हणाल्या, "माझा चिमटाही अंदाजच सांगतो, मेहरेज. पण कुस्तीगीर मुलींवरून बसवलेला अंदाज आहे, आणि हिचं रक्त काय सांगतं ते माझ्याकडे आहे. एकोणीस ते एकवीसच्या मध्ये कुठेतरी. पंचावन्नला न्यायचं तर हिचं मांस काढावं लागेल. तेच तुम्ही काढत होतात. यंत्र ठेवा, पण त्याच वेळी, त्याच अवस्थेत, महिन्यातून एकदा, आणि आकडा वर चाललाय की खाली एवढंच बघा. त्यावरून कोणाचा गट ठरवू नका."

सर मोजे घालत खाली बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अरबियाला पण मी त्याच आकड्यावरून अठ्ठेचाळीसला आणलं."

ते उठले आणि एक मोजा हातात घेऊनच भोजनघराकडे गेले. त्या दिवसापासून अरबिया एक्कावन्नच्या गटात आहे, आणि आता झोपेत गात नाही, घोरते.

दुसऱ्या सकाळी फळ्यावरचे आकडे पुसलेले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दोरसाफला मी मन कच्चं म्हणालो होतो. ते मी परत घेतो." एवढंच म्हणून सराव सुरू केला. मामा, मला पदक मिळालं तेव्हासुद्धा पाठ एवढी ताठ झाली नव्हती.

निवड बारा जूनला. मी त्रेसष्टला, म्हणजे सिहेमशी. तिला हरवणं मला जमेल असं वाटत नाही. तुम्ही एवढ्या लांब येऊ नका, तुमचे गुडघे दुखतात. निकाल कळवेन.

तपासणीची पानं सोबत आहेत. प्रत्येक आकड्यापुढे सही आहे. पितळेला बोट लावलेलं नाही.

तुमची
दोरसाफ


काफ, १८ जून २००४

पोरी दोरसाफ,

तू निकाल कळवण्याची गरज नाही. मी पाहिला.

आम्ही दोघं आलो होतो. तुझी आई आणि मी. पहाटे निघालो. मी एकटाच जाणार होतो, बाजारात काम आहे म्हणून सांगितलं होतं. तर तुझी आई चांगले कपडे घालून, डबा घेऊन दारात उभी. म्हणाली, "दादा, मला वाचता येत नाही, पानं मोजता येतात. दोन पानं येतात आणि तू एक वाचतोस. दुसरं घडी करून खिशात घालतोस आणि मग दिवसभर तुला जेवण जात नाही. आज ती कुठे आहे तिथे मला ने." लुआजमध्ये मी तिला सगळी पानं वाचून दाखवली, पहिल्यापासून. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. मी तुला यंत्रावर विश्वास ठेवायला सांगितलं, ते पान आलं तेव्हा मी ते घडी करून बाजूला ठेवू लागलो. ती म्हणाली, "वाच, वाच. स्वतःचं पण वाच."

तुझी तपासणीची पानं मी काफच्या माझ्या जुन्या कचेरीत नेली होती. आता तिथे माझ्या हाताखाली शिकलेला हाफिद साहेब आहे. त्यानं दोनदा वाचली आणि विचारलं, "हे कोणत्या निरीक्षकानं केलंय?" मी म्हटलं, कुस्तीगीर आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. माझ्या हातून शंभरांवर अहवाल गेले असतील, पण "इथे यंत्र प्रामाणिक निघालं" असं एकातही मी लिहिलं नव्हतं. चूक शोधायला गेलेल्या माणसाला ते सुचत नाही. तुला सुचलं.

आता कुस्तीचं. मला त्यातलं काही कळत नाही, तेव्हा जे दिसलं ते लिहितो. तू आलीस तेव्हा तुझ्या आईनं माझा हात धरला. पहिल्या फेरीत तू सिहेमला कमरेतून उचललंस, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं आणि गुडघे दुखत असूनही मीही उभा राहिलो. दुसऱ्या फेरीत तिनं तुला दोनदा फिरवलं. तीन-तीन झाले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तू तिला रेषेबाहेर ढकलत होतीस आणि तिनं कसा काय तो एक गुण काढला, ते शेजारच्या माणसानं समजावूनही मला कळलं नाही. चार-तीन. पण एवढा वेळ दमूनही तुझे पाय थरथरत नव्हते, हे मी पाहिलं. मार्चमध्ये तू ढकलल्यावर पडली होतीस.

सिहेमचा हात पंचांनी वर केला. तिनं दुसऱ्या हातानं तुझा वर केला. मेहरेज सर तेच असावेत, टक्कल आणि निळा सदरा. ते तुझ्याशी कानात बोलत होते. नंतर तुम्ही दोघी भिंतीला टेकून बसलात, डोक्याला डोकं लावून, एकाच बाटलीतून पाणी पीत. मी खाली यायला निघालो होतो. तुझ्या आईनं मला थांबवलं. म्हणाली, "आत्ता नको. आत्ता ती तिची स्वतःची आहे." डबा दारावरच्या माणसाकडे ठेवला. मिळाला असेल.

एक सांगायचं राहिलं. तो शेजारचा माणूस, सूसचाच, कुस्तीतला जाणकार दिसत होता, त्यानं मला विचारलं, "तुमची कोण?"

मी म्हटलं, "भाची."

तो म्हणाला, "चांगली आहे. पण हरली."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुझी आई माझ्या पलीकडून वाकली आणि त्याला म्हणाली, "हरली. पण सगळीच्या सगळी होती तिथे."

तुझा मामा
शाजली